वाजवत नाही तेव्हा बघ

पोरी, जूनच्या पहिल्या आठवड्यात मैत्रिणींना घेऊन भोपाळला येते आहेस, आणि निमित्त गाण्याबजावण्याचं आहे, हे ऐकून फार बरं वाटलं. पुण्यात तुम्ही वीकेंडर या संगीत महोत्सवाला गेला आहात. तिथल्या रांगा, मनगटावरचे पट्टे, एकाच वेळी चालणारे दोन-तीन रंगमंच हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण भोपाळचा उन्हाळा आणि इथलं ऐकणं मला ठाऊक आहे. 1956 साली नवा मध्य प्रदेश झाला, भोपाळ राजधानी ठरलं आणि तुझे पणजोबा नागपूरच्या कचेरीतून इकडे आले. मी तेव्हा शाळेत होते. पुढे 13 फेब्रुवारी 1982 ला भारत भवन उघडलं आणि आमच्यासारख्या नोकरदार घरांना संध्याकाळी जायला हक्काची जागा मिळाली. तेव्हापासून जे पाहत-ऐकत आले, त्यातलं तुझ्या कामाचं तेवढं लिहून धाडते आहे.

सगळ्यात मोठी गोष्ट आधी सांगते. कलाकार वाजवत नाही तेव्हा त्याच्याकडे बघ. वाजवताना सगळेच रुबाबदार दिसतात. दिवे असतात, टाळ्या असतात, समोर हजार माणसं असतात. खरा बाज कळतो तो दुसऱ्याची पाळी असताना. बासरीवाला आलाप घेतोय तेव्हा ढोलकीवाला पाणी पितोय, मोबाइल बघतोय, की मान खाली घालून मनात ठेका धरून बसलाय? मुख्य गायक आपलं कडवं संपल्यावर दोन पावलं मागे सरकतो का? साथीदाराकडे एकदा तरी बघतो का? ज्या मेळ्यात माणसं एकमेकांचं ऐकतात त्यांचं वाजवणं तिसऱ्या गाण्यापासून रंगत जातं. ज्यात ऐकत नाहीत त्यांचं पहिलंच गाणं सगळ्यात चांगलं असतं, पुढे उतरण.

हे बघायचं तर वेळेआधी जायला हवं. तुम्ही येताय तेव्हा श्यामला हिल्सवर जनजातीय संग्रहालयाचा वर्धापनदिन असतो. हे संग्रहालय 6 जून 2013 ला उघडलं, आणि अलीकडे त्या निमित्ताने तिथे महुआ महोत्सव भरतो. भिल्ल, गोंड, बैगा, कोरकू, सहरिया अशा जमातींची पथकं येतात. पत्रिकेवर सातची वेळ असली तर तू सहाच्या आतच पोच. एक तर रेवती कामथ यांनी रचलेली ती इमारत आतून बघून होईल. दुसरं म्हणजे मंचाच्या बाजूला, झाडाखाली, पथकं तयार होत असतात, तो खरा पहिला प्रवेश.

गुदुम बाजाचं पथक आलं असेल तर तिथून हलू नकोस. हे डिंडोरी-अनूपपूरकडचे धुलिया लोक. पिढ्यान् पिढ्या गोंडांच्या लग्नकार्यात वाजवणारी ही जमात. गुदुम, टिमकी, डफ, मंजिरा आणि वर शहनाई एवढा त्यांचा संच. वाजवायच्या आधी ते कातड्यावर बोटाने टिचकी मारतात, कान जवळ नेतात, पुन्हा मारतात. जूनमध्ये भोपाळची हवा दिवसा कोरडी ठणठणीत, आणि एखाद्या संध्याकाळी ढग आले की एकदम दमट होते. कोरड्या हवेत कातडं ताणलं जातं, दमट हवेत सैल पडतं आणि आवाज फुसका येतो. मग टिमकी विस्तवाजवळ धरून शेकायची. धग किती द्यायची हे म्हातारा वादक तळहाताने ठरवतो. कातडं जळता कामा नये आणि ढिलंही राहता कामा नये. एकदा शेकलं की वीस-तीस मिनिटांत पुन्हा उतरू शकतं, म्हणून मंचावर जायची वेळ लांबली की यांचा जीव खालीवर होतो. निवेदकाने भाषण लांबवलं तर त्यांच्या चेहऱ्याकडे बघ, मग कळेल.

आणि मंचावर गेल्यावर काय होतं? वाजवता वाजवता एकाच्या खांद्यावर दुसरा चढतो, मनोरा होतो, कोणी आडवा होतो, कोणी गिरकी घेतो, आणि ठेका तिळभरही हलत नाही. लोक टाळ्या मनोऱ्याला देतात. तू खाली उभ्या असलेल्या शहनाईवाल्याकडे बघ. त्याला वर बघायची गरजच पडत नाही. वरचा कुठे पोचलाय हे त्याला गुदुमच्या आवाजावरून कळतं.

आता पोशाखाबद्दल. तुमच्या पिढीला कलाकाराचा पेहराव फार आवडतो, आणि आवडावाच. तो गाण्याचा भाग असतो. पण पेहराव बघताना एक प्रश्न मनात ठेव: हा कपडा काम करतोय का? बैगा, गोंड नर्तकांच्या अंगावरच्या कवड्या, पायातले घुंगरू, कमरेचे पट्टे हे सगळं आवाज करतं. नाचणाऱ्याचं शरीर स्वतःच एक वाद्य होतं. भिल्लांच्या भगोरियात मोठा ढोल असतो. तो पेलायला कंबर आणि खांदा कसा बांधायचा यावरून त्यांच्या उभं राहण्याची ढब ठरते. बैगांच्या परधौनीत वरात आली की खाटेवर घोंगडी वगैरे टाकून हत्ती करतात, आणि तो हत्ती डुलत डुलत पाहुण्यांना सामोरा जातो. त्यातला डौल हत्तीच्या चालीचा, कपड्याचा नव्हे.

हल्ली काही पथकांना एकाच दुकानातून शिवलेले चकचकीत, एकरंगी कपडे घालतात. लांबून फोटोत छान दिसतं. पण सॅटिनच्या झग्याला कवड्यांचा नाद नाही, घाम टिपायची शक्ती नाही, आणि वीस माणसं सारखी दिसायला लागली की कोण काय करतंय तेही कळत नाही. मला हे मुळीच पटत नाही. कलाकारांचा दोष नाही, त्यांना जे दिलं ते घालतात. तुझ्या डोळ्यांना मात्र फरक कळायला हवा.

माळव्याचा मटकी नाच दिसला तर त्याला वेळ दे. एकच बाई ढोलाच्या ठेक्यावर नाचते, तोंडावर घुंगट. चेहरा दिसतच नाही. सुरुवातीला तुम्हा मुलींना वाटेल, यात बघायचं काय? हात बघ. मनगट कुठे थांबतं ते बघ. ढोलवाला तिचे पाय बघून वाजवतोय की ती त्याच्या ठेक्यावर चालतेय, हे शोधायचा प्रयत्न कर. थोड्या वेळाने तुला कळेल की दोघं आलटून पालटून एकमेकांना नेतात. चेहऱ्याशिवाय एवढं सांगता येतं हे मी मटकीत पाहिलं.

बायकांच्या समूहगाण्याच्या वेळी लोक चहाला उठतात. तू उठू नकोस. निमाडच्या गणगौरची गाणी, माळव्याची लग्नातली गाणी यांत ना दिवे, ना उड्या, ना मोठी वाद्यं. पण आठव, कुमार गंधर्व 1948 साली क्षयाने आजारी होऊन देवासला आले, डॉक्टरांनी गाणं बंद केलं, तेव्हा अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानावर पडत होती ती हीच, आसपासच्या बायकामाणसांची माळवी गाणी. पुढे त्यांच्या गाण्यात त्यातून काय काय आलं ते आपल्या मराठी घरांना सांगायला नको. देवास इथून फार दूर नाही. जे त्यांना कान देऊन ऐकावंसं वाटलं, त्यासाठी तुझा चहा दहा मिनिटं थांबू शकतो.

कबीर गाणारी मंडळी आली तर? माळव्यात हा एक मोठा वारसा आहे. प्रह्लादसिंह टिपानिया यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, कालूराम बामनिया यांना 2024 साली, आणि महूचे भेरूसिंह चौहान यांना 2025 साली. टिपानियाजी एका हातात तंबुरा आणि दुसऱ्या हातात करताल घेऊन गातात, मागे ढोलक, मंजिरा, व्हायोलिन. साधा पांढरा वेश. त्यांचा सगळा थाट दोन भजनांमधल्या बोलण्यात आहे. गाणं थांबवून ते अर्थ सांगतात, गोष्ट सांगतात, श्रोत्याला प्रश्न टाकतात, आणि बोलता बोलता तंबुऱ्यावर बोट फिरत राहतं. लोक समजतात गाणं थांबलं. ते थांबलेलं नसतं. या वेळी कुजबुजू नकोस आणि मैत्रिणींनाही कुजबुजू देऊ नकोस.

बँड ऐकायलाही नियम तोच. तुमच्या आवडत्या इंडियन ओशनचंच घे. दिल्लीत 1990 मध्ये सुरू झालेला हा बँड. 2000 सालच्या त्यांच्या ‘कंदीसा’ या अल्बममधलं ‘मा रेवा’ हे गाणं नर्मदेचं, म्हणजे आपल्याच नदीचं. राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होते, खोऱ्यातल्या लोकांमध्ये राहिले, आणि ते गाणं तिथून आलं. भोपाळपासून नर्मदा गाडीने दीड-दोन तासांवर, नर्मदापुरमला. गाणं ऐकायच्या आधी ती एकदा बघून ये. त्यांच्याकडे अमित किलाम ड्रम तर वाजवतातच, पण बाऊल गायकांचं गबगुबीही वाजवतात. काखेत धरून तार ताणायची आणि छेडायची. पूर्वी असीम चक्रवर्ती मांडी घालून तबला वाजवत आणि तसंच बसून गात. डिसेंबर 2009 मध्ये ते गेले. बँडमध्ये एक माणूस असा बैठकीत, ही त्या बँडची ओळखच झाली होती. त्यासाठी वेगळा पोशाख लागला नाही. तबला बसून वाजवायचं वाद्य आहे म्हणून तो माणूस बसला.

कुठलाही बँड असो, गायकावरून डोळे काढून पहिली पाच मिनिटं बास वाजवणाऱ्याकडे आणि ड्रमवाल्याकडे बघ. त्यांची नजरानजर कधी होते? गाणं वळण घ्यायच्या अगदी आधी. ते एकदा ओळखायला लागलीस की वळण येण्याआधीच तुला त्याची चाहूल लागेल, आणि त्यासारखी मजा नाही.

बसायचं कुठे, तर आवाजाच्या मिक्सरजवळ. मैदानात साधारण मध्यावर, थोडं मागे, एक माणूस बटणांच्या पाटापुढे बसलेला दिसेल. तो जिथे बसून ऐकतो तिथल्या कानाला पटेल असाच आवाज तो लावतो. म्हणून त्याच्या आसपासची जागा सगळ्यात चांगली. अगदी पुढे, मोठ्या स्पीकरच्या तोंडाशी, नुसता छातीत धक्का बसतो, शब्द कळत नाहीत. फार मागेही नको. आवाज सेकंदाला साधारण 350 मीटर जातो, म्हणजे 35 मीटर मागे बसलीस तर काठी पडलेली दिसते आणि नाद दशांश सेकंदाने येतो. लोकवाद्यांच्या वेळी हात बघायचे असतात, तिथे मात्र पुढे सरक. ही वाद्यं अशीही माइकशिवाय पोचतात.

कानांची काळजी घे, बाळा. आत्ता काही वाटणार नाही, माझ्या वयाला वाटतं. 85 डेसिबलपर्यंतचा आवाज दिवसाला आठ तास चालतो. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला पंधराच मिनिटं. मोठ्या बँडचा आवाज सहज तिथवर जातो. औषधांच्या दुकानात फोमचे कानातले बूच मिळतात, ते पिळून आत घालायचे आणि फुलेपर्यंत बोटाने धरायचे. कापसाचे बोळे घालून उपयोग नाही. घरी आल्यावर कानात शीळ वाजत राहिली तर दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम मागे बसून ऐक.

भारत भवनच्या बहिरंगला कार्यक्रम असेल तर सतरंजी नक्की ने. चार्ल्स कोरियांनी ते सगळं भवन टेकडीच्या उतारात उतरवलंय, रस्त्यावरून जवळजवळ दिसतच नाही, आणि खाली गेलं की पायऱ्या पायऱ्यांचं खुलं नाट्यगृह आणि समोर बडा तालाब. जागा इतकी सुंदर की कलाकारही क्षणभर पाठमोरा होऊन पाणी बघतो. पण त्या पायऱ्या दिवसभर तापलेल्या असतात. सात वाजता सूर्य गेला तरी दगड आठ-साडेआठपर्यंत धग सोडत राहतो. तलावावरचा वारा सुटला की मग बरं.

25 मेला रोहिणी लागते आणि नवतपा सुरू होतो. तुम्ही याल तोवर तो सरलेला असेल, पण पारा चाळिशीच्या खाली आला असेलच असं नाही. दुपारी घरातच थांबा. मी कैरीचं पन्हं करून ठेवीन, निघताना भांडंभर पिऊन बाटलीतही घ्या. सुती, सैल, फिक्या रंगाचे कपडे. डोक्याला ओढणी किंवा गमछा. पायात बंद चपला, कारण अंधारात गवतावर तारा पसरलेल्या असतात. सोबत थोडे खारे दाणे ठेवा. तुम्ही तासभर उभ्या राहून नाचणार, तेव्हा नुसतं पाणी पुरत नाही.

आणि एक, हे हसण्यावारी नेऊ नकोस. जूनमध्ये संध्याकाळी अचानक धुळीचं वादळ उठतं. दहा मिनिटं आकाश पिवळट होतं, मग वारा. वारा लागला की गाणं कितीही रंगात असो, लोखंडी कमानी, मोठे पडदे, स्पीकरचे मनोरे आणि झाडं यांच्यापासून लांब व्हायचं. भेटायची जागा आधीच ठरवून ठेवा, कारण तेव्हा फोन लागत नाहीत.

कार्यक्रम लवकर संपतो म्हणून नाराज होऊ नकोस. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षातून थोडे दिवस बारापर्यंत सूट देता येते, पण दर संध्याकाळी नाही. म्हणून इथे शेवटचा कलाकार साधारण पावणेनऊला मंचावर येतो आणि घड्याळ बघत गातो. पुण्यासारखं उशिरा जाऊ म्हणालात तर निम्मं हुकेल. परतीची गाडी आधीच सांगून ठेवा. दहा वाजता श्यामला हिल्सच्या उतारावर रिक्षा मिळणं कठीण.

भोपाळचा स्वतःचा एक बाजही विचारून बघ, चारबैत. पठाणांबरोबर आलेला हा प्रकार, इथे, टोंकला, रामपूरला टिकून राहिला. पुरुषांचा मेळा, प्रत्येकाच्या हातात डफ. दोन आखाडे समोरासमोर बसतात. एकाने कडवं टाकलं की दुसऱ्याने उत्तर द्यायचं. जोश चढला की माणसं गुडघ्यांवर उठतात, डफ डोक्यापर्यंत जातो. नवाबी काळात रात्र रात्र चालायचं असं इथले जुने लोक सांगत. आता गाणारे थोडे उरलेत. ऐकायला मिळालं तर दुसरा कुठलाही कार्यक्रम सोड, पण हा सोडू नकोस. आणि इथेही तेच. गाणाऱ्या आखाड्यापेक्षा ऐकणारा आखाडा बघ. उत्तर कुणाच्या डोक्यात जुळतंय ते त्याच्या बोटांवरून कळतं.

कधी मैहर बँड ऐकायचा योग आला तर तोही घे. उस्ताद अल्लाउद्दीन खाँनी साथीत अनाथ झालेल्या मुलांना गोळा करून तो 1918 च्या सुमारास उभा केला, आणि बंदुकांच्या नळ्या कापून त्यांचं नलतरंग केलं. एकसारखे बसलेले वादक, एकही जण पुढे येऊन मिरवत नाही. रुबाब कशाला म्हणायचं याचा तुझा अंदाज तिथे बदलेल.

मोबाइलबद्दल एवढंच: एका गाण्याचं चित्रण कर, ते पुरे. झोत टाकून फोटो काढू नकोस, टिमकीवाल्याचे डोळे दिपले की हात चुकतो. मंचामागे फोटो काढायचा तर आधी विचार. नाही म्हटलं तर नमस्कार करून बाजूला हो.

कार्यक्रम संपला की पाच मिनिटं थांब. सगळी गर्दी मुख्य गायकाभोवती जाते. तू ढोलक आवरणाऱ्याकडे जा. दादा म्हण, बाबा म्हण, आणि वाद्याबद्दल विचार. कातडं कुठलं, कोणी मढवलं, गाव कोणतं, कुणाकडे शिकलात. दमलेला माणूसही या प्रश्नांना आनंदाने उत्तर देतो. गाव आणि नाव वहीत लिहून घे, कारण पत्रिकेत बहुतेक वेळा त्याच्या जागी ‘व साथी’ एवढंच छापलेलं असतं.